औद्योगिकीकरणाने समाजाला काय दिलं, काय हिरावलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, शिक्षक, कामगार संघटनांत काम करणारे आणि नुसत्या कुतूहलाने वाचणारे अशा अनेकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करून पुढे अडचणीच्या प्रश्नांकडे गेलो आहोत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. औद्योगिकीकरण म्हणजे नेमकं काय? कारखाने उभे राहिले की झालं का?

कारखाना हा त्याचा डोळ्यांना दिसणारा भाग. मूळ बदल दोन. माणसाच्या, जनावराच्या, वाऱ्या-पाण्याच्या शक्तीऐवजी कोळसा, पुढे तेल आणि वीज यांवर यंत्रं चालू लागली. आणि घरात किंवा लहान कार्यशाळेत, ज्याच्या त्याच्या सवडीने होणारं काम एका छपराखाली, ठरलेल्या वेळात, तुकड्या-तुकड्यांत वाटून होऊ लागलं. इंग्लंडमधली रिचर्ड आर्कराइटची क्रॉमफर्डची सूतगिरणी १७७१ साली सुरू झाली, ती पाण्याच्या चाकावर चालायची. म्हणजे वाफेचं इंजिन गिरण्यांत सर्रास येण्याआधीच कामाची नवी घडी बसली होती. समाजावर झालेले बरेच परिणाम, चांगले आणि वाईट, या घडीतून आले आहेत.

२. सुरुवात ब्रिटनमध्येच का झाली?

एकच एक कारण नाही. जमिनीत वरच्या थरात मिळणारा स्वस्त कोळसा, तुलनेने महाग मजुरी (त्यामुळे यंत्र घेणं परवडायचं), समुद्री व्यापार आणि वसाहती, कुशल लोहार-घड्याळजी यांची मोठी फळी, हे सगळं एकत्र जुळून आलं. खाणीत साचणारं पाणी उपसायला पंप हवे होते, त्या गरजेतून वाफेचं इंजिन सुधारत गेलं. जेम्स वॉटने १७६९ साली पेटंट घेतलेल्या सुधारणेने त्याचा कोळशाचा खर्च खूप कमी केला. वसाहतींचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्याविषयी प्रश्न ९ पाहा.

३. एका वाक्यात सांगा, फायदे जास्त की तोटे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, बहुधा निबंधासाठी. एका वाक्यातलं उत्तर असं: फायदे फार मोठे आहेत, पण ते ज्यांनी किंमत मोजली त्यांनाच मिळाले असं नाही आणि आपोआप तर अजिबात मिळाले नाहीत.

फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्या रकान्यात लिहून बेरीज-वजाबाकी करू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. १८३० साली गिरणीत हात गमावलेल्या मुलाचा तोटा आणि शंभर वर्षांनी जन्मलेल्या मुलाला मिळालेली लस यांची वजाबाकी कशी करणार? त्यापेक्षा प्रत्येक परिणामाला तीन प्रश्न विचारा. फायदा कोणाला झाला? किती वर्षांनी झाला? ज्याचं नुकसान झालं त्याची भरपाई कोणी केली? खालची उत्तरं याच तीन प्रश्नांच्या आधाराने लिहिली आहेत.

४. सर्वांत मोठा फायदा कोणता मानायचा?

मुलं जगू लागली. १८०० च्या सुमारास जगात कुठेही गेलात तरी जन्मलेल्या दर दहा मुलांपैकी साधारण चार मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत मरत. आज हे प्रमाण शंभरात चारच्या आसपास आहे. ज्या घरात चार-पाच बाळंतपणं व्हायची तिथे एखादं तरी मूल गमावणं ही त्या काळी रीतच होती. आज तसं घर अपवाद ठरतं. दुसरा कुठलाही फायदा आम्ही याच्या शेजारी ठेवू शकत नाही.

यातलं किती श्रेय उद्योगाचं? बरंच, पण आडमार्गाने. ओतीव लोखंडाचे नळ, पंप, सिमेंट, जंतुनाशक क्लोरीन, लशी थंड ठेवणारी यंत्रणा, हे सगळं मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात बनू लागलं म्हणून ते सामान्य माणसापर्यंत पोचलं. अन्नाचंही तसंच. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊ इथे कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली. आज जगातल्या साधारण निम्म्या लोकांचं अन्न या पद्धतीने बनलेल्या खतावर अवलंबून आहे. १८०० च्या सुमारास जगाची लोकसंख्या १०० कोटींच्या घरात होती, २०२२ मध्ये ती ८०० कोटींवर गेली. कृत्रिम खताशिवाय एवढ्या तोंडांना पुरेल इतकं धान्य पिकलं नसतं.

मात्र हे सगळं पहिल्या पिढीच्या वाट्याला आलं नाही. ते पुढच्या उत्तरात.

५. एवढे फायदे होते, तर त्या काळच्या कामगारांचे हाल का झाले?

कारण उत्पादन आधी वाढलं, मजुरी फार मागून. ब्रिटनमध्ये १८०० नंतरची पहिली तीन-चार दशकं दर कामगारामागे उत्पादन बरंच वाढलं, पण खऱ्या मजुरीत, म्हणजे मजुरीतून प्रत्यक्षात जेवढं विकत घेता येतं त्यात, वाढ जेमतेम होती. नफा गिरण्या, खाणी आणि पुढे रेल्वे यांत पुन्हा गुंतत गेला. मजुरी नेमकी किती वाढली यावर आकडेमोडीचे वाद आहेत. ती उत्पादनाच्या मागे रेंगाळली यावर मात्र बहुतेकांचं एकमत आहे.

त्यात शहरांची कोंडी. मँचेस्टरची वस्ती १८०१ ते १८५१ या पन्नास वर्षांत सुमारे चौपट झाली. घरं, गटारं, पिण्याचं पाणी यांची सोय त्या वेगाने झाली नाही. सार्वजनिक आरोग्याच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या एडविन चॅडविकने १८४२ च्या आपल्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय १७ दिलं आहे, आणि रटलंड या ग्रामीण भागातल्या मजूर कुटुंबांतलं ३८. इथे एक खुलासा करायला हवा, कारण हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. माणसं सतराव्या वर्षी मरत होती असा त्याचा अर्थ नाही. तान्ही मुलं इतकी मरत होती की सरासरी १७ वर आली.

हे बदललं ते गटारांनी. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी संसदेत बसवेना, तेव्हा कुठे अभियंता जोसेफ बॅझलजेटच्या भुयारी गटारांच्या योजनेला पैसे मिळाले. १८६६ ची लंडनमधली कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ आली ती पूर्व भागात, जिथे ही नवी गटारं अजून जोडली गेली नव्हती. त्याच शहरात, त्याच वर्षी, त्याच प्रकारच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांपैकी कोण जगणार हे सार्वजनिक खर्चाने ठरवलं.

६. बालमजुरी कारखान्यांनी आणली का? मुलं तर शेतावरही राबत होती ना?

राबत होती. घरच्या मागावर, शेतात, गुरांमागे मुलं पूर्वीपासून काम करत. पण दोन्ही कामं एकच होती असं म्हणणं आम्हाला मान्य नाही, आणि का ते जवळून बघायला हवं.

म्यूल नावाच्या कताईयंत्राला एक लांबलचक गाडा असे. शेकडो चात्या घेऊन तो गाडा रुळांवरून सुमारे दीड मीटर बाहेर यायचा, सूत ओढून पीळ द्यायचा आणि परत आत जायचा, दिवसभर, मिनिटाला काही वेळा. ताणलेल्या सुताखाली कापसाची भुसकट साचायची, ती आग धरू शकते म्हणून सतत काढावी लागे. त्यासाठी यंत्र थांबवत नसत. गाडा बाहेर आला की एक लहान मूल सुताखाली सरपटत जाऊन भुसकट गोळा करायचं आणि गाडा परत फिरायच्या आत बाहेर यायचं. दुसरी मुलं तुटलेले धागे चालत्या यंत्रावरच जोडायची. शेतावर दमलेलं मूल बांधावर टेकू शकत होतं. इथे वेग यंत्राचा होता, आणि बाराव्या-तेराव्या तासाला झापड आली तर बोटं जायची.

१८३३ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी केली आणि नऊ ते तेरा वयाच्या मुलांचे तास दिवसाला नऊपर्यंत आणले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पगारी निरीक्षक नेमले. फक्त चार, पण मालकाच्या परवानगीशिवाय आत जाण्याचा अधिकार असलेले. आधीचे कायदे कागदावर राहिले होते, कारण पाहणारं कोणी नव्हतं. १८४२ च्या कायद्याने खाणीच्या पोटातलं काम बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांसाठी बंद झालं.

७. यंत्रांमुळे नोकऱ्या जातात की वाढतात?

एकूण संख्या पाहिली तर दोनशे वर्षांत वाढल्या. पण ज्याची गेली त्यालाच नवी मिळाली असं सहसा झालं नाही.

इंग्लंडमधले हातमाग विणकर हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. सूतकताईला यंत्रं आली तेव्हा सूत मुबलक झालं आणि विणकरांना आधी सुगीचे दिवस आले. मग यंत्रमाग आले. १८२० च्या सुमारास तिथे कापसाचं कापड विणणारे दोन लाखांवर हातमागवाले होते. पुढच्या तीस वर्षांत त्यांतले थोडेच उरले आणि मजुरी निम्म्याहूनही खाली गेली. यंत्रमागावरच्या जागा बहुतेक तरुण मुलींना आणि बायकांना मिळाल्या. पन्नाशीच्या विणकराला 'नवे रोजगार निर्माण होत आहेत' हे वाक्य खरं असूनही उपयोगाचं नव्हतं.

१८११ पासून यंत्रं फोडणाऱ्या लडाईट कारागिरांना आजही अडाणी, प्रगतीचे शत्रू म्हटलं जातं. ते अन्यायकारक आहे. त्यांतले अनेक जण स्वतः यंत्रावर काम करणारे कुशल लोक होते. मजुरी पाडायला आणि हलका माल काढायला यंत्र वापरलं जातंय, ही त्यांची तक्रार होती. सरकारने १८१२ साली यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवली. संघटना करायलाही तेव्हा कायद्याने बंदी होती, म्हणजे बोलायची दुसरी वाटच त्यांच्यापुढे ठेवली नव्हती.

८. बायकांच्या आयुष्यात काय बदललं?

स्वतःच्या नावाची रोख मजुरी हा मोठा बदल. अमेरिकेत लॉवेल शहरातल्या कापड गिरण्यांत शेतकरी घरांतल्या तरुण मुली वसतिगृहात राहून काम करत. मजुरी कापली तेव्हा १८३४ साली आणि वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा १८३६ साली त्यांनी संप केले. घरच्या चरख्यावर एकेकटी बसलेल्या बाईला हे शक्य नव्हतं.

पण मजुरी पुरुषांहून कमी, आणि घरी आल्यावर घरकामाची दुसरी पाळी होतीच. शिवाय बायकांच्या वाट्याला आलेली काही कामं जीवघेणी होती. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने जबड्याचं हाड कुजायचं. दात दुखण्यापासून सुरुवात, मग गालातून वाहणारी जखम. लंडनमधल्या आगकाडी कामगार मुलींचा १८८८ चा संप गाजला. बिनविषारी पर्याय तेव्हा ठाऊक होता, फक्त महाग होता. पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९०६ उजाडलं.

घरकामाची यंत्रं हा वेगळा विषय, पण ती क्षुल्लक समजू नका. नळ, वीज आणि धुलाईयंत्र येण्याआधी घरभराचे कपडे धुणं म्हणजे पाणी वाहणं, तापवणं, उकळणं, आपटणं, पिळणं, असा अख्खा दिवस जायचा. तो दिवस जिथे मोकळा झाला तिथे मुलींचं शिक्षण आणि बाहेरची नोकरी शक्य झाली.

९. एका देशाची भरभराट दुसऱ्यांच्या जिवावर झाली, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं आहे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा कापूस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता आणि तो गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १७९३ साली एली व्हिटनीचं सरकी काढणारं यंत्र आलं. यंत्राने श्रम वाचतात, म्हणून गुलामगिरी कमी होईल असं वाटावं. झालं उलट. सरकी काढणं सोपं झालं तसा कापूस लावणं फायद्याचं ठरलं, आणि अमेरिकेतली गुलामांची संख्या १७९० मधल्या सुमारे सात लाखांवरून १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या जवळ गेली. इंग्लंडमध्ये स्वस्त झालेल्या सदऱ्याची किंमत समुद्रापलीकडच्या माणसांनी अशी भरली.

दुसरी बाजू बाजारपेठेची. अठराव्या शतकात भारत हा कापडाचा जगातला आघाडीचा निर्यातदार होता. ब्रिटनने आपल्या नव्या गिरण्यांना आधी आयातबंदी आणि जकातींचं संरक्षण दिलं, आणि वसाहतीची बाजारपेठ मात्र उघडी ठेवायला लावली. यंत्राचं कापड स्वस्त होतंच, त्यामुळे विणकर काही प्रमाणात तरी मागे पडलेच असते. पण स्वतःचं धोरण ठरवायचा अधिकार हाती नसल्याने सावरायला वेळही मिळाला नाही.

मग सगळी भरभराट लुटीतूनच आली का? तसंही नाही. वसाहती असूनही स्पेन आणि पोर्तुगाल उद्योगात मागे राहिले, आणि फारशा वसाहती नसलेला स्वीडन पुढे गेला.

१०. 'आधी श्रीमंत होऊ, मग प्रदूषण निस्तरू' हा युक्तिवाद बरोबर आहे का?

काही प्रदूषणांबाबत तसं घडलं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं आणि हजारो माणसं दगावली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि हवा हळूहळू निवळली.

पण ही पळवाट सगळीकडे लागू पडत नाही. जपानमध्ये मिनामाता इथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पाऱ्याचं संयुग उपसागरात जात होतं. ते माशांत, माशांतून माणसांत आणि आईच्या पोटातल्या बाळात गेलं. आधी मांजरं झिंगल्यासारखी फिरून मरू लागली, मग माणसांचे हातपाय वाकडे झाले. आजाराची अधिकृत नोंद १९५६ ची, सांडपाणी थांबलं १९६८ ला. नंतर आलेल्या पैशाने त्या मुलांचे मेंदू दुरुस्त झाले नाहीत.

कार्बन डायऑक्साइडचं तर मुळातच वेगळं आहे. धूर सोडणं थांबवलं की काही दिवसांत हवा निवळते. हा वायू मात्र शतकानुशतकं वातावरणात टिकतो. औद्योगिकीकरणाआधी दर दहा लाख भागांत २८० च्या आसपास असलेलं त्याचं प्रमाण आता ४२० च्या वर आहे, आणि उष्णतेचा, पुराचा पहिला मार ज्यांनी तो सर्वांत कमी सोडला त्यांना बसतो आहे. 'मग निस्तरू' म्हणणाऱ्याने निस्तरण्याजोगं काय आणि कायमचं काय, हे आधी सांगावं.

११. कामगार कायदे कडक केले तर उद्योग पळून जातात ना?

ही भीती प्रत्येक वेळी घातली गेली आहे. गिरण्यांतल्या बायका-मुलांचं काम दिवसाला दहा तासांवर आणणाऱ्या कायद्याने (१८४७) इंग्लंडचा कापडधंदा बसेल असं सांगितलं गेलं; तो पुढची कित्येक दशकं वाढत राहिला. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जण मेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली, कारण बाहेर पडायचं एक दार कुलूपबंद होतं. त्यानंतर त्या राज्याने आग, सुरक्षितता आणि कामाचे तास यांविषयी एकामागून एक कायदे केले. कपड्यांचा उद्योग तिथेच राहिला.

बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार दगावले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना आत पाठवलं होतं. त्यानंतर परदेशी खरेदीदार आणि कामगार संघटना यांच्यात कायदेशीर बंधन असलेला सुरक्षा करार झाला, इमारती तपासल्या गेल्या, आणि त्या देशाची तयार कपड्यांची निर्यात पुढेही वाढली.

काही कारखाने खरंच हलतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पहिलाच ठराव दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेचा केला. नियम सगळीकडे सारखे असले तर पळून जाण्यात फायदा उरत नाही.

१२. सरकारने जबरदस्तीने, झपाट्याने औद्योगिकीकरण केलं तर काळ वाचतो का?

सोव्हिएत संघाने १९२८ पासून केलं. शेतकऱ्यांचं धान्य सक्तीने उचलून शहरं पोसली, निर्यात करून यंत्रं आणली. पोलाद वाढलं, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. चीनने १९५८ साली गावोगावी परसातल्या भट्ट्यांत लोखंड वितळवायला लावलं. शेतं ओस पडली, निघालेलं लोखंड बहुतांशी निरुपयोगी, आणि उपासमारीत कोट्यवधी माणसं गेली. दोन्हीकडे खाली काय चाललंय हे वर सांगण्याची कोणाची हिंमत नव्हती, हे आम्हाला त्यातलं मुख्य कारण वाटतं.

दक्षिण कोरियाही हुकूमशाहीतच वाढला आणि एका पिढीत श्रीमंत झाला, हे उदाहरण लोक हटकून देतात. तिथे जमीनवाटप आणि शाळा आधी झाल्या होत्या, हे मात्र सांगायचं राहून जातं. आणि १९७० मध्ये चॉन ते-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने, अस्तित्वात असलेले कामगार कायदे पाळा एवढ्याच मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतलं, हेही.

१३. कारखान्यांशिवाय एखादा देश श्रीमंत होऊ शकतो का?

तेल सापडलेले काही छोटे देश झाले. डेन्मार्कचं उदाहरण शेतीचं म्हणून देतात, पण तिथे १८८२ पासून उभ्या राहिलेल्या सहकारी दूधडेऱ्या मलई वेगळी करणाऱ्या यंत्रांवर चालत होत्या. तो उद्योगच होता, फक्त त्याची मालकी शेतकऱ्यांकडे होती. फायदा कोणाला, या प्रश्नाचं (प्रश्न ३) तिथलं उत्तर म्हणूनच वेगळं आलं.

१४. कारखाने बंद झाले की तोटेही संपतात का?

नाही, आणि हा भाग सर्वांत कमी बोलला जातो. अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटार उद्योगाच्या शहराची वस्ती १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या घरात होती, २०२० मध्ये ६.४ लाखांच्या आत. कर भरणारे गेले तशा शाळा, दिवे, बसगाड्या गेल्या. जर्मनीने दगडी कोळशाच्या खाणी बंद करायचं २००७ साली ठरवलं आणि शेवटची २०१८ मध्ये बंद केली. मधल्या अकरा वर्षांत लवकर निवृत्ती आणि दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण देऊन कोणालाही रस्त्यावर काढलं नाही. खर्च खूप आला, पण माणसं उद्ध्वस्त झाली नाहीत.

शरीरात राहिलेलं नुकसान तर उशिरा वर येतं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा छातीच्या आवरणाचा कर्करोग संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. तोवर कारखाना पाडलेला असतो, कंपनी विकलेली किंवा बुडालेली असते. कामगाराचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांनाही तो झालेला आहे. म्हणून धुळीच्या किंवा रसायनांच्या जागी काम केलेल्यांनी आपली हजेरीपत्रकं, पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि जुने छातीचे एक्स-रे फेकून देऊ नयेत. कारखाना बंद होऊन कितीही वर्षं झाली असली तरी डॉक्टरला कुठल्या खात्यात, कशावर काम केलं हे आपणहून सांगावं, आणि कपडे धुणाऱ्या घरच्या माणसांनीही सांगावं.